गच्चीवरचा म्हातारा

३ फेब्रुवारी

बारके,

आशीर्वाद घे, किती ते मोजत बसू नकोस. टाइपरायटरची फीत जुनी झालीय असं दातवाल्या बाई म्हणतात. अक्षरं फिकट दिसली तर डोळ्यांना दोष देऊ नकोस. तुझे कान गेले, माझे डोळे मुळात आलेच नाहीत. आपण दोघं मिळून एक धड माणूस होतो, तेवढा शाबूत राहू दे.

दातवाल्या बाई म्हणजे आमच्या इमारतीत खाली दातांचा दवाखाना आहे ना, तिथं पेशंटचे नंबर लावायला बसतात त्या. तुझी वहिनी गेल्यापासून दवाखाना बंद झाला की वर येतात आणि माझं टपाल वाचून दाखवतात. तुझं पत्रही त्याच वाचतात, तेव्हा जपून लिही. मागच्या पत्रात माझ्या घोरण्याबद्दल लिहिलंस, ते त्यांनी फार चवीनं वाचलं.

आता कामाचं. माझ्या कॉम्प्युटरनं एक नवीन खोड काढलीय. तुला माहीत आहे, त्याच्यात एक पोपट बसवलेला आहे. पडद्यावर जे येईल ते तो बोलतो, मी जे अक्षर दाबीन ते म्हणून दाखवतो. गेले काही दिवस मी काहीही करत असलो तरी पोपट मध्येच म्हणतो, ‘साठवणीची मुदत संपली आहे. पासवर्ड टाका, अन्यथा सर्व पुसले जाईल.’ बंद केलं की जरा वेळानं परत तेच. दारात वसुलीवाला उभा राहावा तसा.

साठवण म्हणजे तुला कळलंच असेल. वहिनीची सगळी रेकॉर्डिंग तिथं आहेत. आम्ही या घरात आलो त्या दिवसापासून ती रोज खिडकीत उभी राहून बाहेर काय दिसतंय ते माझ्यासाठी बोलायची आणि तेच कॉम्प्युटरवर भरून ठेवायची. समोरच्या गच्चीवरचा कुंड्यांना पाणी घालणारा म्हातारा, खुर्चीला रंग देणारी त्याची मुलगी, वाळत घातलेली निळी चादर. मी अजून रोज संध्याकाळी एक ऐकतो. बाईही बसतात ऐकत. माझ्याकडे तिचं दुसरं काही नाही गं. फोटो मला काय कामाचा?

तू ग्रंथालयात एवढी वर्षं कॉम्प्युटरवर काढलीस. सांग काय करू. कुणाला फोनबिन करायचं सुचवू नकोस. तुला ऐकू येत नाही, आणि मी हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर उभा जन्म लोकांचे फोन जोडण्यात घालवला, आता कानाला ते लावायचं नाही.

दादा

१२ फेब्रुवारी

दादा,

साष्टांग घालायला गुडघे राहिले नाहीत, उभ्यानंच नमस्कार घे. बाई, तुम्हालाही नमस्कार. घोरण्याचं आणखी पुष्कळ आहे, सवडीनं लिहीन.

दादा, आधी हे ऐक आणि मग बाकीचं. पासवर्ड टाकू नकोस. काही झालं तरी टाकू नकोस. घाई करणारा, धमकी देणारा आणि फिरून फिरून दारात येणारा माणूस आपण घरात घेतो का? तसंच हे. तुझा पासवर्ड काढून घ्यायला कुणीतरी टाकलेला तो गळ आहे. ग्रंथालयातही एकदा असं झालं होतं. एका मास्तरांनी भीतीपोटी टाकला आणि त्यांच्या पत्रव्यवहाराचा पार बोजवारा उडाला.

मला दोन गोष्टी कळव. एक, हे सुरू व्हायच्या आधी तू नवीन काय घातलंस त्यात? तू उचापती करतोसच. दोन, तू अजून पासवर्ड टाकलेला नाहीस ना? खरं सांग. टाकला असलास तर दुसऱ्या कुणाच्या कॉम्प्युटरवरून लगेच बदलायचा, मग दुरुस्तीवाल्याला बोलवायचं. उशीर चालणार नाही.

वहिनीनं इंटरनेटवर ही साठवण घेतली तेव्हा अडीअडचणीला म्हणून माझा पत्ता तिथं दिला होता. काही गडबड झाली तर मला कळेल. तू घाबरू नकोस. तिचा आवाज कुठं जात नाही.

बारकी

२० फेब्रुवारी

बारके,

पत्र पोचलं. बाईंनी वाचताना ‘टाकू नकोस’ हे तीन वेळा वाचलं. तू दोनदाच लिहिलं असशील असा मला संशय आहे.

नवीन काय घातलं म्हणशील तर एकच. वहिनीच्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये मागे खरखर आहे, पंख्याची असावी. ती काढून आवाज स्वच्छ करणारा एक प्रोग्राम फुकट मिळत होता, तो घेतला. खरखर गेली नाही. वसुलीवाला आला तो त्यानंतरच. तेव्हा तुझा अंदाज बरोबर दिसतो.

पासवर्ड मी टाकलेला नाही. मी काय कुक्कुलं बाळ आहे? बोर्डावर होतो तेव्हा, डॉक्टर आहे म्हणून थाप मारणारा मी पहिल्या ‘हॅलो’ला ओळखायचो. खोटं बोलणाऱ्याचा श्वास आधी बदलतो, मग शब्द येतात. मला फसवणारा अजून जन्माला यायचाय.

वसुलीवाला आताशा फारसा येत नाही. काळजी सोड.

तुझ्यासाठी इथं एक गंमत शिजतेय. शिजली की कळवीन.

दादा

५ मार्च
(ब्रेलमध्ये)

दादा,

हे तुझ्या बोटांसाठी आहे, दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांसाठी नाही. लहानपणी काकांना वाचता येऊ नये म्हणून तू मला शिकवलंस, आज परत कामी आलं. पाटी आणि टोचणी माळ्यावरून काढली. टोचून टोचून अंगठा दुखतोय, म्हणून थोडक्यात लिहिते.

साठवणीवाल्यांची सूचना मला आली. तुझ्या खात्यात कुणीतरी भलत्याच गावाहून शिरलं आणि पासवर्ड बदलला. मी विचारलं, आत शिरले कसे? ते म्हणाले, दार फोडलेलं नाही, बरोबर पासवर्ड टाकूनच शिरले. आता आपल्यालाही आत जाता येत नाही.

तू टाकलेला नाहीस. तू म्हणालास म्हणजे नाहीसच. मग तो दुसऱ्या कुणाला माहीत होता? रोज संध्याकाळी तुझ्या शेजारी कोण बसतं? तुझी बोटं कुठल्या अक्षरावर पडतात ते कुणाला दिसतं?

मला वाईट वाटतं, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्या बाई आपल्या कोण लागतात? एकट्या माणसाकडे रोज कुणी उगाच येत नाही. दिसायला साधीभोळी माणसंच घर धुवून नेतात. त्यांना काही बोलू नकोस. काहीतरी कारण काढून येणं थांबव. आधी दुरुस्तीवाला बोलाव.

हे वाचून झालं की फाडून टाक.

बारकी

१४ मार्च

बारके,

आज आशीर्वाद देण्याची माझी लायकी नाही.

गंमत शिजतेय म्हटलं होतं ना, ती सांगतो. गेल्या उन्हाळ्यापासून दातवाल्या बाई माझ्याकडून ब्रेल शिकत होत्या. मी कधी आजारी पडलो, त्यांना यायला जमलं नाही, तर दाराखालून चिठ्ठी सरकवता यावी म्हणून. बोट अजून अडखळतं, पण येतं. पुढचं पत्र त्या तुला ब्रेलमध्ये लिहिणार होत्या.

तुझं जाड पाकीट आलं. त्यांनी फोडलं आणि लहान मुलीसारख्या ओरडल्या, ‘अहो, टिंबं आहेत! मी वाचू?’ मी म्हटलं, वाचा की, परीक्षाच समजा. आणि त्या एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचू लागल्या. पहिल्या ओळीलाच मला कळायला हवं होतं. पण त्यांना अक्षर लागलं की केवढा आनंद व्हायचा, त्यात मी गुंगलो.

‘शेजारी कोण बसतं’ पर्यंत आल्या आणि थांबल्या. म्हणाल्या, ‘पुढं वाचू?’ बारके, मी नको म्हणायला हवं होतं. हात पुढं करून कागद घ्यायला हवा होता. पण मलाही ऐकायचं होतं. त्यांनी सगळं वाचलं. साधीभोळी माणसं, घर धुवून नेतात, सगळं. अडखळत, एकेक अक्षर. ‘फाडून टाक’ झाल्यावर तुझं नावही वाचलं. मग कागद घडी करून माझ्या हातात दिला.

त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. एवढंच विचारलं, ‘तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत का?’

आता ऐक काय सांगितलं नव्हतं ते. मी पासवर्ड टाकला होता. तुझं पहिलं उत्तर यायच्या आधीच. ‘सर्व पुसले जाईल’ असं तो पोपट म्हणाला आणि मी कीबोर्ड पुढं ओढला. एक टाकला, तो म्हणाला चूक. मला वाटलं, म्हातारपण, विसरलो असेन. मग बँकेचा टाकला. मग कॉम्प्युटरवरच्या टपालाचा. जन्मात केलेले सगळे पासवर्ड मी एकामागून एक त्याच्या पदरात घातले. बाई शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, ‘अहो, थांबा. एरवी पासवर्ड टाकताना हा पोपट नुसतं स्टार, स्टार म्हणतो. आज तुमची अक्षरं मोठ्यानं म्हणतोय. ही खरी खिडकी नाही.’

खरी खिडकी अक्षर लपवते गं. पोपटालाही सांगत नाही. कानाच्या गमज्या मारणारा मी, आणि हे एका दातांच्या दवाखान्यातल्या बाईंच्या लक्षात आलं. मी त्यांच्यावरच खेकसलो. ‘मला शिकवू नका,’ म्हणालो. माणसाच्या आवाजातलं खोटं मला कळतं, यंत्राला श्वासच नाही, त्याचं काय कळणार?

तुझं पत्र आलं तेव्हा कबूल केलं असतं तर पासवर्ड वेळेवर बदलता आला असता. पण तू मास्तरांचं उदाहरण दिलं होतंस. मला तो मास्तर व्हायचं नव्हतं. म्हणून खोटं लिहिलं, आणि आता माझाच पोपट झाला.

बाई निघताना म्हणाल्या, ‘संशय त्यांनी घेतला. त्या लांब आहेत, मला ओळखत नाहीत, त्यांचं चुकलं नाही. पण मी चोर ठरले ती तुमच्या खोट्यानं.’ चप्पल घालून जिना उतरून गेल्या. दार हळू लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुरुस्तीवाला आला होता. कॉम्प्युटर धुऊनपुसून दिलाय, नवीन टपालखातं काढून दिलंय. बँकेचं बँकेनं वेळेवर थांबवलं. पण साठवण रिकामी आहे. तिथलं पुसलं की इथलंही पुसलं जावं अशी तिची रचनाच होती, म्हणून इथंही काही उरलेलं नाही. तू साठवणीवाल्यांना विचारून बघ. मला माहीत आहे काय म्हणतील ते.

संध्याकाळ झाली की मी अजून खुर्ची खिडकीकडे ओढतो. मग आठवतं.

हे पत्र पेटीत टाकायलाही खाली जाताना दवाखान्यावरून जावं लागतं.

दादा

२३ मार्च

दवाखान्यातल्या बाईंस,

तुमचं नाव मला माहीत नाही. दादानं कधी लिहिलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्यावरूनच मी किती पाण्यात आहे ते कळतं. नाव ठाऊक नसलेल्या माणसावर मी चोरीचा आळ घेतला, तोही तुमच्याच तोंडून वदवून.

माफ करा असं लिहायला हात धजत नाही. तुम्ही दादाला थांबवत होतात हे मला ठाऊक नव्हतं, पण ठाऊक नसताना बोलू नये एवढी अक्कल या वयात हवी होती. जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या टोचणीलाही नव्हतं.

साठवणीवाल्यांचं उत्तर आलं. खात्याच्या मालकाच्या हुकमानं पुसलं गेलं, परत मिळणार नाही. मालक म्हणजे तो चोर. संपलं.

एक गोष्ट मात्र उरली आहे. फार वर्षांपूर्वी वहिनीनं मला एक रेकॉर्डिंग पाठवलं होतं. माझे कान तेव्हा नुकतेच गेले होते आणि मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. ‘ऐकलं हो, छान आहे,’ असं कळवून मोकळी झाले. ते अजून माझ्या टपालात जसंच्या तसं पडून आहे. त्यात काय आहे मला माहीत नाही. आज दादाच्या नवीन खात्यावर पाठवलंय.

पण तो आता कुठल्याच खिडकीला हात लावायला घाबरेल. भलतंच काही आलं समजून पुसून टाकेल. कुणीतरी शेजारी बसून ‘हे खरं आहे, उघडा’ म्हणायला हवं. ते कुणी म्हणावं हे सांगायचा अधिकार मी घालवून बसले आहे. तरी सांगते, कारण दुसरं कुणी नाही.

दादाची बहीण

३० मार्च

ताई,

पत्र मिळालं. मी फार लिहिणारी नाही.

तुम्ही मला ओळखत नव्हता. तुमच्या जागी मी असते तर कदाचित हेच मनात आलं असतं. कागदावर उतरवलं नसतं, एवढाच फरक. ते लागलं, लागलं नाही म्हणणार नाही. अजून बोटाखाली ती टिंबं येतात.

त्यांच्यावरचा राग वेगळा आहे. त्यांना काय ते तोंडावर सांगितलं आहे.

रेकॉर्डिंग लावून देईन. ते त्यांच्या बायकोचं आहे, माझ्या रागाचा त्याच्याशी काय संबंध? पण ते पासवर्ड टाकतील तेव्हा मी खोलीत थांबणार नाही. जिन्यात उभी राहीन. ते खात्यात शिरले, की मी येईन. हे तुम्हालाही कळलेलं बरं, म्हणून लिहिते.

मी रोज त्यांच्याकडे का जात होते असं तुम्ही विचारलंत. उगाचच जात होते. दिवसभर मी लोकांना ‘तोंड उघडा, आत जा’ सांगते. तिथं मला कुणीतरी ‘बसा’ म्हणायचं.

दवाखान्यातली

७ एप्रिल

बारके,

आज आशीर्वाद घे. आज माझ्याकडे आहेत.

बाई आल्या. ‘बसा’ म्हटलं तर बसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘ताईंचं टपाल आलंय, उघडा. मी बाहेर आहे.’ आणि खरंच जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या, दार ओढून घेतलं. मी पासवर्ड टाकला. पोपट म्हणाला, स्टार, स्टार, स्टार. एवढा शहाण्यासारखा बोलला की मला त्याचा राग आला. माणूस दाराबाहेर आणि मी आत सुरक्षित, असली कसली सुरक्षा? मी उठून दार उघडलं आणि जिन्यात उभं राहून माझा पासवर्ड मोठ्यानं म्हणून दाखवला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी हातातलं भांडं पडलं.

बाई म्हणाल्या, ‘शाबास. एवढं होऊन हेच शिकलात? आत चला आणि आधी तो बदला.’ मी बदलला. त्या खुर्चीत बसून होत्या. तू ओरडशील म्हणून सांगतो, या वेळी मोठ्यानं म्हटला नाही.

मग लावलं. आता ऐक म्हणणार होतो, पण तुला ऐकू येत नाही, म्हणून जसंच्या तसं टाइप करतोय. थांबवून थांबवून केलंय, एक शब्द सोडलेला नाही. ही तुझी वहिनी बोलते आहे:

‘वन्सं, हे तुम्हाला एकट्यांनाच सांगते, पोटात ठेवा. आमच्या नव्या घराला एकच खिडकी आहे आणि समोर भिंत आहे. गोदामाची. वरपर्यंत नुसती भिंत, तिला रंगसुद्धा नाही. पहिल्या दिवशी यांनी किती हौसेनं विचारलं, काय दिसतंय गं? मला भिंत म्हणवेना. म्हटलं, गच्ची आहे. मग गच्चीवर कुणीतरी हवं म्हणून एक म्हातारा आणला. तो एकटा पडला म्हणून त्याला मुलगी दिली. आता ती बया रुसून बसते, आणि मला रोज तिची समजूत घालावी लागते. परवा म्हाताऱ्याला ताप आणला तर हे जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशी बरा करावा लागला. हसू नका. तुम्ही कधी आलात तर आधी मला गाठा, एकदम गच्ची कुठाय म्हणून विचारू नका. जपा हं. कान दुखतो म्हणत होतात, त्याला तेल घालू नका.’

एवढंच आहे. मागे पंख्याची खरखर आहे. ती नसती तर मला चाललं नसतं.

बारके, मी हसलो. मग काय झालं ते लिहीत नाही. इतकी वर्षं मी त्या म्हाताऱ्याची काळजी केली! श्वासावरून खोटं ओळखणारा मी, आणि घरातलं एवढं मोठं खोटं कळलं नाही म्हणायचं, की कळून घ्यायचं नव्हतं म्हणायचं? तिनं खोटं सांगितलं ते माझ्यासाठी. मी तुला सांगितलं ते माझ्यासाठी. तिनं कुणाला चोर केलं नाही.

मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाई वर्षभर याच खोलीत, याच खिडकीपाशी बसून माझ्याबरोबर ती रेकॉर्डिंग ऐकत होत्या. निळी चादर, कुंड्या, म्हातारा. समोर त्यांना भिंत दिसत होती. पहिल्या दिवसापासून. आणि एका अक्षरानं कधी बोलल्या नाहीत. माझा पासवर्ड काय, याहून मोठं काही त्यांच्या हातात होतं, आणि ते त्यांनी सांभाळलं.

मी विचारलं, ‘बाई, तुम्हाला माहीत होतं?’

‘काय?’

‘भिंत.’

त्या उठल्या, खिडकीपाशी गेल्या. फटीतून वारा येत होता, खिडकी लावून घेतली. म्हणाल्या, ‘मला काय माहीत? मी कधी बाहेर बघितलंच नाही.’

बोलायच्या आधी त्यांचा श्वास बदलला. मला नीट ऐकू आलं.

मी म्हटलं, ‘बसा. चहा टाकतो.’

दादा